मागचं शहर

नरक चतुर्दशीच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून तरुण मुलंमुली नव्या कपड्यांत गणेश मंदिराकडे निघालेली असतात. शाळेतले, कॉलेजातले, नोकरीपायी पांगलेले मित्र वर्षातून एकदा इथे हमखास भेटतात आणि भेटल्यावर पहिलं काम म्हणजे फोटो. लांब हाताच्या मित्राकडे फोन दिला जातो, उंच मंडळी मागे सरकतात, कोणीतरी खाली बसतं, कोणाचा तरी गजरा सारखा केला जातो. दुपारपर्यंत या एका रस्त्याचे किती फोटो निघत असतील, देव जाणे.

या फोटोंत पुढे असतात माणसं आणि मागे असतो रस्ता. दुकानांच्या पाट्या, पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीभोवती ठोकलेले पत्रे, फुलवालीने पुठ्ठ्यावर लिहिलेला झेंडूचा भाव, अडलेल्या रिक्षा. यातलं काहीच कोणी मुद्दाम टिपलेलं नसतं. तीस वर्षांनी मात्र हे फोटो पाहताना डोळा तिकडेच आधी जाईल. जुना अल्बम उघडला की घरोघरी हेच होतं. काकूंच्या शालूचं कौतुक दोन मिनिटांत संपतं आणि मग सगळे वाकून पाहू लागतात: "अरे, मागे आपला तो लाकडी जिना दिसतोय!" जिन्याचा फोटो काढायचा असं तेव्हा कोणाच्या मनातही आलेलं नसतं. आपल्या शहरांचा बराचसा घरगुती इतिहास असा काकूंच्या खांद्यामागून डोकावतो. यंदाच्या दिवाळी अंकासाठी 'फोनमधलं शहर' हा विषय आम्ही निवडला तो या मागच्या शहरासाठी.

मुंबईत फोटोग्राफी फार लवकर आली. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. सोसायटीच्या संस्थापकांत विल्यम जॉन्सन होता. मुंबईत राहणाऱ्या नाना जातीजमातींच्या लोकांवर त्याने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातल्या बऱ्याच चित्रांची गंमत अशी की माणसांचे फोटो एकीकडे काढलेले आणि मागचं दृश्य दुसरीकडचं. दोन्ही कापून-जोडून एक केलेली. मुंबईकरांवरच्या सुरुवातीच्या छायाचित्र-ग्रंथातच मागचं शहर असं बदललेलं होतं.

पुढे स्टुडिओ आले आणि मागे पडदा आला. संगमरवरी जिना, कारंजं, बाग, कधी थेट ताजमहाल. दोन खोल्यांत बिऱ्हाड करणारं कुटुंब रविवारचे कपडे घालून त्या रंगवलेल्या बागेपुढे ताठ उभं राही. खऱ्या खोलीचा, खऱ्या गल्लीचा फोटो कोणी मागत नसे आणि फोटोग्राफरही सुचवत नसे.

हा पडदा बाजूला करणाऱ्यांत होमाई व्यारावाला यांचं नाव घ्यायला हवं. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या होमाई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. तिथल्या मैत्रिणी आणि शहरातलं रोजचं जगणं हे त्यांच्या सुरुवातीच्या छायाचित्रांचे विषय होते. ती छापून येत ती पती माणेकशा यांच्या नावाने. पुढे दिल्लीत त्यांनी सत्तांतराचे, नेत्यांचे फोटो काढले, देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव झालं, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्यांची मुंबईतली ती आरंभीची छायाचित्रं आज पाहिली की वाटतं, नेत्यांचे फोटो दुसऱ्या कोणीही काढले असते. त्या मोकळ्या हसणाऱ्या मुलींचे कोणी काढले असते?

मध्यमवर्गीय घरात कॅमेरा शिरला तो अ‍ॅग्फाच्या क्लिक थ्रीसारख्या डब्याच्या रूपाने. त्याच्या रोलमध्ये बारा फोटो बसत. रोल महाग, धुवायला वेगळे पैसे, प्रती काढायला आणखी वेगळे. त्यामुळे गणपतीला भरलेला रोल दिवाळीपर्यंत संपला नाही म्हणून कॅमेऱ्यातच पडून राही. बारशाला दोन, मुंजीला चार, माथेरानच्या सहलीला उरलेले. रेशनच्या रांगेवर, सामाईक नळावर, भाजीच्या पिशवीवर एक फोटो खर्च करणारा माणूस वेडाच ठरला असता. म्हणून आपल्या आजी-आजोबांचे सणावारांचे फोटो सापडतात, मंगळवारच्या दुपारचे सापडत नाहीत.

फोनने ही काटकसर संपवली. आता मंगळवारच्या दुपारचा फोटो फुकट आहे. शिवाय फोनच्या कॅमेऱ्याचा एक जन्मजात गुण आहे. त्याचा सेन्सर नखाएवढा आणि भिंग त्याला अगदी खेटून. अशा कॅमेऱ्याला पुढचं माणूस आणि मागची भिंत जवळजवळ सारखीच स्पष्ट दिसते. मोठ्या कॅमेऱ्यांतून मागचं धूसर करणं सोपं. फोनला ते निसर्गतः जमतच नाही. पण मोठ्या कॅमेऱ्याचा थाट तर हवा! मग फोनमधलं सॉफ्टवेअर अंतराचा अंदाज घेतं, माणसाची कड शोधतं आणि तिच्याबाहेर जे असेल ते गणिताने पुसट करतं. यालाच आपण हौसेने पोर्ट्रेट मोड म्हणतो. २०२१ मध्ये गूगलने पिक्सेल फोनवर 'मॅजिक इरेझर' आणला. आता तर मागून चाललेला माणूस बोटाच्या एका फटक्यात नाहीसा होतो. जॉन्सनला कात्री चालवावी लागत होती, एवढाच फरक. सगळं शहर स्पष्ट दिसू शकेल असा कॅमेरा पहिल्यांदाच प्रत्येकाच्या खिशात आला आणि आपण त्याला शहर न पाहायला शिकवलं, ही आमची खरी तक्रार आहे.

दुसरी तक्रार उशिराची. १५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईतली जुनी, बिनवातानुकूलित डबलडेकर शेवटची धावली. तिला सजवलं होतं, फोन उंचावलेल्या माणसांनी वेढलं होतं. पुढच्याच महिन्यात पद्मिनी टॅक्सीने रजा घेतली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. तिचेही निरोपाचे फोटो ढिगाने निघाले. ते ठीकच. पण निरोपाच्या दिवशी बस बससारखी कुठे असते? वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा पकडायला धावणारी पोरं, तिकिटाच्या पेटीवर चिमटा वाजवत येणारा कंडक्टर, पावसात खिडकी ओढून घेण्याची झटापट हे तिच्या रोजच्या फेरीत होतं. ती फेरी कित्येक वर्षं फोन खिशात ठेवून आपण केली.

वरळीच्या बीडीडी चाळींचंही तेच. १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळींतल्या पहिल्या काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेलेल्या माणसाला चाळ कशी छान होती हे बाहेरच्याने सांगू नये. तो आनंद त्यांच्या हक्काचा आहे. पण खोली सोडण्याआधी पोटमाळा, पाण्याची पिंपं, गॅलरीतल्या दोऱ्या, दारावरचा खोली क्रमांक यांचा फोटो ज्यांनी काढून ठेवला त्यांच्या नातवंडांना पणजोबा कुठे झोपत होते हे दाखवता येईल. पुण्याच्या वाड्यांतून, गिरगावच्या चाळींतून आज बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे लागू आहे. निरोप ठरण्याची वाट पाहू नका.

हे नुसतं स्मरणरंजन नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा कॅमेरा असलेले फोन मोजक्यांकडे होते. कुठल्या गल्लीत पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं, हे आजही बऱ्याच ठिकाणी आठवणीवर सांगितलं जातं. आता दुकानाच्या ओळखीच्या पायरीसह काढलेला एक साधा फोटो तेवढ्यापुरती तरी वादाला जागा ठेवत नाही. अट तीच: मागची पायरी दिसली पाहिजे.

मागच्या शहराचा कैवार घेताना एक गोष्ट बजावून सांगायला हवी. मागे माणसंही असतात आणि त्यांनी आपल्या फोटोत येण्याची हौस दाखवलेली नसते. लोकलमध्ये डुलकी लागलेल्या माणसाचा फोटो काढून वर विनोद लिहून ग्रुपवर टाकणं ही फोटोग्राफी नाही, टवाळी आहे. मासळी बाजारातली कोळीण धंद्याला बसलेली असते, आपल्या अल्बमला रंग भरायला नाही. विचारावं. 'नको' म्हणाली तर फोन खाली घ्यावा. 'काढ' म्हणाली तर काढलेला फोटो तिला दाखवावा, मागितला तर पाठवावा. स्टुडिओवाल्याला जे दोन दिवसांनी जमायचं ते फोनला तिथल्या तिथे जमतं. मग कंजूसपणा कशाला? महिला डब्यात, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी, कोणाच्या दुःखाच्या प्रसंगी फोन खिशातच बरा.

आणि काढलेल्या फोटोंचं काय? ते आहेत कुठे? सुप्रभाताच्या फुलांखाली, वीजबिलाच्या स्क्रीनशॉटखाली, एकाच वाढदिवसाच्या चाळीस सारख्या फोटोंखाली. फोन फुटला, बदलला की तेही गेले. फोटो काढताना फोन तारीख, वेळ आणि आपण मुभा दिली असेल तर ठिकाणही त्या फाइलमध्ये नोंदवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो नेहमीसारखा पाठवला की आकसतो आणि ही नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. एवढी साधी गोष्ट पाळली तरी पुष्कळ वाचेल. पण फोटोत उभी असलेली माणसं कोण आणि मागचं हॉटेल कोणाचं, हे फोन लिहून ठेवत नाही. जुन्या पिढीने फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलं, "चि. सौ. माई, गिरगाव, १९५८", म्हणून आज आपल्याला माई ओळखता येतात. तेव्हा वर्षाअखेरीस फक्त बारा फोटो निवडा, अगदी क्लिक थ्रीचा रोल समजून. छापा आणि पाठीवर नाव, गाव, तारीख लिहा.

या अंकातल्या वाचकांच्या छायाचित्र-दालनालाही आम्ही असेच नियम लावले. फोन कुठलाही चालेल. मागचा भाग पुसट केलेला नको. सोबत कुठे, केव्हा, कोण हे चार ओळींत हवं. आणि फोटोतल्या माणसाची संमती हवी. आलेल्या फोटोंत सूर्यास्त भरपूर होते, ते आम्ही आदराने परत केले. छापला आहे तो इस्त्रीवाल्याच्या टेबलाचा फोटो, ज्यात भिंतीवर खडूने मांडलेला महिन्याचा हिशेब वाचता येतो. शिकवणी सुटल्यावर जिन्यात पडलेला चपलांचा ढीग छापला आहे. कथा, कविता आणि लेख दरवर्षीप्रमाणे आहेतच.

१९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घराची दिवाळी अंकाशिवाय पुरी होत नाही. जुना दिवाळी अंक हाती लागला तर लोक काय पाहतात? संपादकीय तर नाहीच! ते पाहतात साबणाच्या, केशतेलाच्या, औषधी काढ्याच्या जाहिराती, किमती, दुकानांचे पत्ते. अंकातही मागचं शहरच जास्त टिकतं, हे आम्ही निमूटपणे मान्य करतो आणि यंदाच्या जाहिरातदारांचे दुहेरी आभार मानतो.

वाचकांना एकच विनंती. दिवाळीचे फोटो काढाल तेव्हा दोन पावलं मागे सरका. दार, उंबरठा, शेजारचा कंदील, समोरची इमारत आत येऊ द्या. पुढच्या वर्षीच्या दालनासाठी आपल्या गल्लीचा एक फोटो आतापासून बाजूला काढून ठेवा.

— संपादक