भाव कोणी ठरवायचा?

"पैशांचं नंतर बघू रे, तू तर घरचाच!" वसई पूर्वेच्या एका कारखानदारकाकांच्या या वाक्यावर विसंबून मी त्यांच्या मालसाठ्याचा संगणक-प्रोग्राम करायला घेतला. रोज नवी मागणी येत गेली. चार महिने राबलो, हाती निम्मेच पैसे आले. दोष त्यांचा खराच. पण आधी भाव न सांगणारा मी निर्दोष होतो काय?

माझे आजोबा पहाटेच्या लोकलने दादरला फुले नेत. भाव व्यापारी सांगेल तो, कारण संध्याकाळी फुले कोमेजत. आपले कौशल्य काही संध्याकाळी कोमेजत नाही. मग त्याचा भाव दुसऱ्याने का ठरवावा?

हिशेब सोपा आहे. महिन्याला ३०,००० रुपये हवेत आणि गिऱ्हाईक शोधणे, नवे शिकणे, आजारपण वजा जाता कामाचे दिवस १५ उरतात. म्हणजे दिवसाचा दर २,००० रुपये. कामाची व्याप्ती, आगाऊ रक्कम, वाढीव कामाचा दर आणि प्रोग्रामची मालकी केव्हा द्यायची, हे कागदावर हवे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण कागदच नसेल, तर काय ठरले होते हे दाखवणार कसे?

मित्रहो, पैशांचे बोलणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. कोणी "नंतर बघू" म्हणाले, तर नम्रपणे म्हणावे, "काका, आत्ताच बघू."