एक गुरुजी, चार इयत्ता

एका खोलींत चार इयत्ता आणि त्या सर्वांस शिकविणारा एकच शिक्षक, ही व्यवस्था शहरी मनास केवळ दारिद्र्याचें लक्षण वाटते. परंतु ज्यांचें बालपण एकत्र कुटुंबाच्या माजघरांत गेलें, त्यांस ती अपरिचित वाटूं नये. थोरल्यानें धाकट्याकडून परवचा म्हणवून घ्यावा आणि मधल्यानें ऐकतां ऐकतां पुढचा पाढा उचलावा, ही रीत आपल्या घरचीच आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेंतहि असेंच चाले. मद्रासेकडे वाळूंत अक्षरें गिरविणारीं देशी मुलें पाहून अँड्र्यू बेल या पाद्र्यानें ती रीत आपल्या अनाथ मुलांच्या शाळेंत नेली, आणि मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याच्या पद्धतीवर 1797 सालीं विलायतेंत पुस्तक छापलें. अमेरिकेच्या माळरानावर नव्या वसाहती झाल्या, तेथेंहि एका खोलीच्या शाळांनींच पिढ्या घडविल्या. तेथें 1785 च्या कायद्यानें प्रत्येक नियोजित वसाहतीच्या 36 भागांपैकीं सोळावा भाग शाळेसाठीं राखून ठेविला होता.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत घाटाखालीं, जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशींत कोरकू, भिलाला, निहाल यांच्या वस्त्या आहेत. जामोदकडील निहाली भाषा तर इतकी एकाकी कीं, भाषापंडितांस तिचें नातें कोणत्याहि भाषाकुलाशीं निश्चितपणें जोडतां आलेलें नाहीं. अशा घरच्या मुलास पुस्तकी मराठी पहिल्या दिवशीं कशी उमगावी? त्याच खोलींत बसलेली थोरली बहीण हीच त्याची दुभाषी.

एका शिक्षकावर सर्व भार टाकणें योग्य, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तो आजारी पडला किंवा सरकारी कामास गेला, कीं शाळेस कुलूप लागतें. म्हणूनच 1987 च्या खडू-फळा योजनेनें प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या व दोन शिक्षक देण्याचें ठरविलें. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेंहि साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक सांगितले. दोष खोली एक असण्यांत नसून शिक्षकास जोडीदार नसण्यांत आहे.

2023 सालीं राज्य शासनानें वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार मांडला. मोठ्या शाळेंत ग्रंथालय, क्रीडांगण व सोबती अधिक मिळतील, हें खरें. परंतु ओढा ओलांडून दूर जावें लागलें, म्हणजे घरांतून प्रथम कोणाची शाळा सुटते? भावाची नव्हे, बहिणीची. वाहनाचें वचन पावसाळ्यांत किती टिकतें, हें घाटांतील रस्ते जाणणारांस सांगावयास नको.

आपणां सुशिक्षितांचीं मुलें त्या शाळांतून केव्हांच बाहेर पडलीं; म्हणून त्या मोडण्याविषयीं मत देणें आपणांस फार स्वस्त पडतें. तें मत देण्यापूर्वीं एवढें तरी करावें. सुटींत गांवीं गेल्यावर देवदर्शनाबरोबर शाळेचेंहि दर्शन घ्यावें, गुरुजींची अडचण विचारावी, चार गोष्टींचीं पुस्तकें तेथें ठेवावींत, आणि घरच्या मुलांस तासभर त्या खोलींत बसवावें. धाकट्यास शिकवितांना थोरला कसा शिकतो, हें त्यांसहि तेथें दिसेल.