मरळ पाळायची, पण पिल्ले कोरडे खाद्य खातात का? अनुदानाच्या अर्जाआधी हा प्रश्न विचारा

दरेकसा हे नाव आजवर बातम्यांत आले ते बहुतेक दोनच कारणांनी. एक नक्षल दलम आणि दुसरे हाजरा फॉल. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातल्या, छत्तीसगड सीमेलगतच्या या पट्ट्याबद्दल आज तिसऱ्या कारणाने लिहितो आहे. ते कारण म्हणजे मरळ.

तुमच्याही मोबाइलवर तो व्हिडिओ आला असेल. ताडपत्रीची टाकी, मूठभर पेलेट, पाण्यात एकदम खळबळ आणि खाली ‘कमी जागेत मोठा नफा’. व्हिडिओ खोटाच असतो असे नाही. पण त्यात दिसणारी मरळ पेलेट खायला आधीच शिकलेली असते. ती कशी शिकली, हे व्हिडिओत नसते. नवशिक्यांचे पैसे बुडतात ते नेमके तिथेच.

मरळच का?

मरळीला रोहू, कटलापेक्षा बराच जास्त भाव मिळतो. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे विक्रीला जिवंत नेता येते आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरते. शेजारच्या तेलंगणाने तिला राज्यमासा केले आहे. पूर्व विदर्भात तर ती मूळचीच. इथले सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव, शेतातल्या बोड्या आणि धानाच्या बांध्या ही तिची जुनी घरे.

मग अडचण कुठे आहे?

रोहू, कटला, मृगळ यांना भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड चालते. मरळ शिकारी आहे. हलते ते अन्न, एवढेच तिला जन्मतः कळते. पाण्यावर निपचित तरंगणारा दाणा तिच्या लेखी काडीकचऱ्यासारखा.

दुसरे कारण पोटाचे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस पिल्लू पोटाखालच्या बलकावर जगते. त्यानंतरही काही दिवस त्याचे जठर पुरते तयार झालेले नसते. या वयात कोरडी भुकटी दिली तर ती पचत नाही, वर पाणी खराब होते. तेव्हा लागते जिवंत अन्न. डोळ्यांना जेमतेम दिसणारे मोइना, डाफ्नियासारखे जलपिसू किंवा आर्टेमिया.

तिसरे कारण सर्वात महाग. भुकेली मरळ भावंडांनाच खाते. एकाच घाण्यातली काही पिल्ले झपाट्याने वाढतात आणि लहानांना गिळतात. टाकीच्या तळाशी मेलेले मासे दिसत नाहीत, तरी मोजणी मात्र रोज कमी भरते.

कोरड्या खाद्याची सवय लागते कशी?

मी इंजिनीअरिंग शिकलो, त्यामुळे ही पद्धत मला ओळखीची वाटली. एक गोष्ट हळूहळू कमी करायची, दुसरी हळूहळू वाढवायची आणि प्रत्येक टप्प्यावर मोजायचे.

आधी जिवंत अन्न. मग माशाचा बारीक वाटलेला लगदा. मग त्या लगद्यात कोरड्या खाद्याची भुकटी मिसळायची आणि तिचे प्रमाण वाढवत न्यायचे. शेवटी निव्वळ बारीक तरंगते दाणे. व्हिएतनाममधल्या प्रयोगांत साधारण अडीच आठवड्यांच्या पिल्लांपासून सुरुवात करून रोज सुमारे १० टक्के बदल केला गेला आणि पिल्ले कोरड्या खाद्यावर आली. सोबत दर काही दिवसांनी चाळणी लावून लहान-मोठी पिल्ले वेगळी करावी लागतात. खाद्यही नेहमीचे चालत नाही. कार्प माशांना २५ ते ३० टक्के प्रथिने पुरतात, मरळीच्या पिल्लांना ४० टक्क्यांहून जास्त लागतात.

थोडक्यात, हे काही आठवड्यांचे, दिवसातून अनेकदा खाऊ घालण्याचे आणि सतत लक्ष ठेवण्याचे काम आहे. ज्याच्याकडे मजुरीला जाण्यावाचून पर्याय नाही, त्याला ते एकट्याने जमणे कठीण.

स्वस्त बीज खरेच स्वस्त असते?

एक साधा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, सवय न लावलेली १००० पिल्ले प्रत्येकी १० रुपयांना घेतली आणि ३०० जगली. म्हणजे जगलेले एक पिल्लू ३३ रुपयांना पडले. आता समजा, सवय लावलेली १००० बोटुकली प्रत्येकी १५ रुपयांना घेतली आणि ७५० जगली. इथे जगलेले एक पिल्लू २० रुपयांना पडले. पावतीवर महाग असलेले बीज शेवटी स्वस्त ठरले. शिवाय मेलेल्या पिल्लांना घातलेले खाद्य या हिशेबात धरलेलेच नाही.

कोरडे खाद्य नको, बारीक मासळीच घालू. त्यात काय बिघडले?

बरेच बिघडते. एक किलो मरळ वाढवायला चार किलोच्या आसपास ओली मासळी लागते. चांगल्या कोरड्या खाद्यावर हेच काम दीड किलोच्या आसपास होते. आपल्याकडची बारीक मासळी टाकाऊ नाही. तलावाकाठच्या गरीब घरात आठवड्याचे कालवण तीच असते. ती टाकीत गेली तर शहरातल्या ग्राहकाला मरळ मिळेल आणि ढिवर समाजाच्या ताटातला मासा कमी होईल.

कंबोडियात हे घडले आहे. मरळीच्या जातीच्या माशांना नदीतली बारीक मासळी घातली जात होती आणि पिल्लेही नदीतूनच पकडली जात होती. सरकारने २००४ मध्ये हे पालनच बंद केले. बंदी उठली ती २०१६ मध्ये, पेलेटवर मासे वाढवता येतात हे दिसल्यावर.

आपल्या तलावांनाही तोच धोका आहे. पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा नारिंगी थवा पाण्यावर येतो आणि खाली आई-बाप राखण करतात. तो थवा जाळ्यात धरणे सोपे आहे. बीजाची मागणी वाढली आणि हॅचरीतून पुरवठा झाला नाही, तर हात या थव्यांकडेच वळणार. कोंबडीच्या दुकानातला कचरा घालणे हा आणखी एक शॉर्टकट. देशात बंदी असलेल्या आफ्रिकन मागुरच्या तळ्यांची त्यानेच काय दशा झाली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

कोरडे खाद्य अगदी निर्दोष आहे असेही नाही. त्यातही समुद्री माशांची भुकटी असते. तरी आज हातात असलेल्या पर्यायांत ते सर्वात कमी नुकसानीचे आहे, असे माझे मत आहे.

मग सरकारने काय करावे?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थीला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के अनुदान आहे. सालेकसासारख्या आदिवासीबहुल तालुक्यासाठी ही मोठी संधी आहे. पण टाकी, पंप, ताडपत्री यांचा फोटो काढता येतो, म्हणून लक्ष तिकडे जाते. कोरडे खाद्य खायला शिकलेले पिल्लू फोटोत ओळखू येत नाही.

माझी मागणी साधी आहे. टाक्या वाटण्याआधी तालुक्यात निदान एक मरळ संगोपन केंद्र उभे करा आणि ते चालवायला मच्छीमार सहकारी संस्थेकडे द्या. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्यापाणी मत्स्यपालन संस्थेने मरळीच्या प्रजननावर आणि पिल्लांच्या संगोपनावर काम केले आहे. मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. शास्त्र देशात आहे, ते तलावाकाठी पोहोचले पाहिजे. थव्यांच्या सवयी ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. त्यांना फक्त लाभार्थी न ठेवता बीज तयार करणारे करा.

आणि तुम्ही काय कराल?

बीज विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला तुमच्यासमोर मूठभर कोरडे खाद्य टाकायला सांगा. पिल्ले वर येऊन खातात का, ते पाहा. सगळी एकाच मापाची आहेत का, तेही बघा. रोहू-कटलाचे बीज सोडलेल्या बोडीत मरळ टाकू नका, ती ते फस्त करेल. टाकीच्या कडेला उंच जाळी लावा, कारण मरळ उडी मारून आणि सरपटत बाहेर जाते. विक्रेता खाद्य टाकून दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.