मेल ओढा, पण सर्व्हर रिकामा करू नका

मागच्या व्हिडिओत काउंटरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मट चालवून दाखवला होता. मट म्हणजे काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दाखवणारा मेल प्रोग्रॅम. १९९५ पासून चालत आलाय आणि माझ्या दोन जीबी रॅमच्या डब्यावर आजही पळतो. पण वेळ संपत आला म्हणून एक भाग मी घाईत उरकला: नवीन मेल सर्व्हरवरून आणायचा कसा. तो घाईत उरकायचा भाग नव्हता. आपण त्याला सेटिंग म्हणतो, पण मला विचाराल तर तो दप्तराचा प्रश्न आहे. मूळ कागद कुणाकडे राहणार, हे तिथे ठरतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो.

इचलकरंजीत आमचं बेअरिंग-बेल्टचं दुकान आहे, नेहमीच्यांना माहीतच आहे. वडिलांच्या वेळचे एक गिऱ्हाईक आहेत, मी त्यांना काकाच म्हणतो. त्यांची ऑर्डर मेलवर आली, ६२०५ नंबरचे ४० नग. मी झेडझेड पाठवले, म्हणजे पत्र्याच्या झाकणाचे. काका दुसऱ्या दिवशी डबे घेऊन दारात. म्हणाले, "मी टू-आरएस लिहिलं होतं." म्हणजे रबरी सीलचे. माप दोन्हीचं तेच, आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५ मिलिमीटर. पण लूमवर कापसाची धूळ उडते, तिथे सील कोणतं याला किंमत असते.

"मेल दाखव बघू," काका म्हणाले.

मी म्हटलं, दाखवतो की. पंधरा दिवसांपूर्वी माझी हार्ड डिस्क गेली होती. नवीन टाकली, आणि जुने मेल सर्व्हरवर असतीलच म्हणून निवांत होतो. वेबमेल उघडलं तर इनबॉक्समध्ये फक्त गेल्या दोन दिवसांचे मेल. त्याआधीचं काहीच नाही, चार महिन्यांच्या ऑर्डरी गायब.

तुम्ही म्हणाल, काकांच्या सेंटमध्ये का नाही बघितलं? जीभ रेटली नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला दुकानात उभं करून "तुम्हीच पुरावा दाखवा" म्हणायचं? माल परत घेतला, टू-आरएस दिले. चूक कुणाची होती, मला आजही माहीत नाही.

घडलं होतं असं. मेल आणायला मी फेचमेल वापरत होतो. १९९६ पासूनचा भरवशाचा प्रोग्रॅम आहे, त्यात खोट काही नाही. पण त्याची मूळ सवय अशी की मेल तुमच्या मशीनवर उतरला की सर्व्हरवरची प्रत काढून टाकायची. पोस्टाची पेटी उघडून पत्रं नेल्यासारखं. डायल-अपच्या आणि चिमुकल्या मेलबॉक्सच्या जमान्यात ते शहाणपणाचंच होतं. तसं करू नको हे आपण सांगायचं असतं, आणि त्याचा शब्द आहे कीप. एक शब्द. तो मी लिहिला नव्हता, कारण मेल दिसायला लागल्यावर पुढचं कोण वाचतो?

पॉप-थ्रीने आणत असाल तर कीपसोबत यूआयडीएल हाही शब्द टाका. त्यामुळे कोणते मेल आधीच आणलेत याची यादी फेचमेल स्वतःकडे ठेवतो. नाहीतर तेच जुने मेल पुन्हा पुन्हा उतरू शकतात आणि त्या ढिगात नवीन ऑर्डर बुडते.

आता मी फेचमेल सोडून एमबीसिंकवर आलोय. तो आयमॅपने सर्व्हर आणि आपलं फोल्डर जुळवतो. इथे उलटा धोका. काही सांगितलं नाही तर बदल दोन्हीकडे जातात, आणि त्यात एक्स्पंज दोन्ही बाजूंना लावलं असेल तर काउंटरवरच्या पोराने चुकून उडवलेला मेल सर्व्हरवरूनही उडतो. म्हणून माझ्याकडे सिंकसमोर फक्त पुल न्यू आहे: नवीन असेल ते खाली आण, वर काही पाठवू नकोस. याचा त्रासही आहे. दुकानात वाचलेला मेल फोनवर न वाचलेलाच दिसतो. बायको म्हणते, तुमच्या फोनवर कायम शेकडो मेल पडलेले. पडू देत. तो आकडा मला परवडतो.

किती वेळाने आणायचा? इथे बरेच जण फसतात. मटमध्ये मेल चेक नावाचं सेटिंग आहे, मुळात पाच सेकंदांचं. लोकांना वाटतं दर पाच सेकंदाला सर्व्हरवरून मेल येतो. मेल असा वेगळ्या प्रोग्रॅमने आणत असाल तर तसं नाही. मट फक्त तुमच्या मशीनवरचं फोल्डर बघतो. आणणारा वेगळा, त्याचं घड्याळ वेगळं. फेचमेलला डेमन ३०० लिहिलं तर तो ३०० सेकंदांनी जातो, एमबीसिंकला क्रॉनमध्ये वेळ द्यावी लागते. मी १५ मिनिटं ठेवलीत. मेलवर ऑर्डर देणारा माणूस पाव तास थांबतो. घाई असेल तर तो फोनच करतो. समोर गिऱ्हाईक उभं असताना पडद्याकडे बघणारा दुकानदार मला तरी आवडत नाही.

जीमेल असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढा, रोजचा पासवर्ड फाइलमध्ये लिहू नका. आणि फाइलची परवानगी ६०० करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल. एवढं पुरे.

एक शंका रास्त आहे: सगळं सर्व्हरवर ठेवलं तर जागा भरेल. भरेल. फुकटच्या जीमेलला १५ जीबी, तीही ड्राइव्ह आणि फोटोंसोबत वाटून. पण साफसफाई आपण करायची, हाताने, प्रोग्रॅमने आपल्या नकळत नव्हे. जीएसटीचं दप्तर वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावं लागतं. ऑर्डरच्या मेलला मी तोच हिशेब लावतो, कायद्यात तसं लिहिलंय म्हणून नव्हे, लक्षात ठेवायला सोपं म्हणून.

आज शटर ओढायच्या आधी एक करा. स्वतःलाच एक मेल टाका, तो काउंटरवर उतरू द्या, मग फोनवरून वेबमेल उघडून बघा. मेल तिथेही असेल तर घरी जा. नसेल तर मेल आणणारा प्रोग्रॅम लगेच बंद करा आणि मगच त्याची फाइल उघडा. नक्की कुठे काय लिहायचं ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो, यावेळी घाई न करता.

काका अजून येतात. आता ऑर्डर मेलवर टाकतात आणि वर चिठ्ठीही आणतात, टू-आरएसखाली दोन रेघा मारून.