आधी बंदर, मग दिवस



सिएटलहून निघणाऱ्या अलास्का क्रूझमध्ये कॅनडातील व्हिक्टोरियाला संध्याकाळचा थांबा म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा, तो गाळून सहा दिवसांत सहल उरकावी, असे मागील अंकातील पत्रलेखक म्हणतात. पण तो थांबा जहाज कंपनीच्या लहरीवर नाही. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परतायचे असेल, तर वाटेत एखादे परदेशी बंदर गाठावेच लागते. आणि बहुतेक मोठी जहाजे बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात. लॉस एंजेलिसहून हवाईला जाऊन परतणारी क्रूझही याच नियमापायी मेक्सिकोतील एन्सेनाडाला टेकते. हवाईच्या वाटेवर नुसता समुद्रच जाताना आणि येताना प्रत्येकी चार-पाच दिवस खातो, म्हणून पंधरवडा लागतो. आठवड्याचीच रजा असेल, तर होनोलुलूहून सुटणारे अमेरिकी ध्वजाचे ‘प्राइड ऑफ अमेरिका’ घ्यावे.

कायदा कालबाह्य आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. २०२१ मध्ये कॅनडाची बंदरे क्रूझसाठी बंद असताना अमेरिकी काँग्रेसने अलास्कापुरती सवलत दिली, पण ती तात्पुरतीच. तेव्हा वीस जणांच्या गटाने आधी दिवस ठरवून मग जहाज शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे. शिवाय गटात भारतीय पासपोर्टवर आलेले आई-वडील असतील, तर व्हिक्टोरियातील त्या एका संध्याकाळसाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. तो हाती यायला सहलीपेक्षा जास्त दिवस लागू शकतात.

— एक वाचक