मूर्तीच्या पाठीवरील अक्षरे

शेंदूरजनाघाटहून मुक्तागिरीला निघालेल्या यात्रेकरूला सातपुड्याची रांग उजव्या हाताला सोबत करते. परतवाड्यापुढे डोंगर चढला की बावन्न मंदिरांचे दर्शन घडते. परंतु भाविकांची दृष्टी बहुधा मूर्तीच्या मुखावर स्थिरावते, पीठिकेपर्यंत उतरत नाही.

तीर्थंकरांची मुद्रा एकच, वीतराग. मग ओळख कशी पटावी? प्राचीन शिल्पांत खांद्यावर रुळणाऱ्या जटांवरून ऋषभदेव आणि नागफणांवरून पार्श्वनाथ ओळखू येतात. पीठिकेवर बैल, सिंह, शंख अशी लांछने कोरण्याची प्रथा पुढे रूढ झाली. परिवारदेवतांविषयी तर मोठमोठ्यांची फसगत झाली आहे. वेरूळच्या ३२ व्या लेण्यातील गजारूढ यक्ष पाहून लोकांनी त्याला इंद्र मानले, आणि लेणे ‘इंद्रसभा’ ठरले. आंब्याखाली सिंहासह बसलेली त्याची सहचरी अंबिका आहे, हे ध्यानी घेतले असते तर हे नाव पडलेच नसते!

त्याच डोंगरावरील पार्श्वनाथाच्या भव्य मूर्तीबाबत असा संभ्रम नाही. वर्धनपूरच्या चक्रेश्वराने ती शके ११५६ मध्ये, म्हणजे इ. स. १२३४-३५ च्या सुमारास घडविली, असे तिच्या आसनावरील लेखच सांगतो. लेख नसता तर दात्याचे नाव कोणाला कळले असते?

वऱ्हाडातही हा ठेवा आहे. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे भूमीत सापडलेल्या मध्ययुगीन जैन धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. पण त्याहून जवळचा ठेवा आपल्या मंदिरांच्या वेदीवर आणि घरच्या देव्हाऱ्यात असतो. धातूच्या लहान मूर्तींच्या पाठीवर संवत, तिथी, श्रावकाचे नाव, ज्ञाती, गोत्र आणि प्रतिष्ठा करविणाऱ्या भट्टारकांचे नाव कोरण्याची जुनी रीत होती. कारंजा येथे भट्टारकांची पीठे नांदली. तेव्हा या प्रांतातील व्यापारी घराण्यांचा इतिहास वहीखात्यांपूर्वी या अक्षरांतच शोधावा लागतो.

नित्याच्या प्रक्षालाने मूर्ती हळूहळू झिजते, ते अटळ आहे. चिंच, राख आणि यंत्राची झिलई मात्र अटळ नाही. पर्वाआधी मूर्ती लखलखीत करून घेण्याचा उत्साह अनेक ठिकाणी दिसतो, आणि त्यात शतकांपूर्वीचे गोत्र एका दुपारी पुसले जाते. झिलईला देण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत बाजूने, तिरपा धरावा. अस्पष्ट अक्षरेही उठून दिसतात. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि वाचता येईल तेवढे वहीत उतरवावे. आधी संवत, मग गाव, मग नाव.