आधी दारू की आधी आघात? उपचार दोन्हींवर एकत्रच हवेत
२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. असा प्रसंग पाहिलेल्या काहींना पुढे महिनोन्महिने तीच दृश्ये दिसतात, रात्री दचकून जाग येते. हाच पीटीएसडी. मग झोपेसाठी दारू जवळ केली जाते आणि ती उतरली की भीती दुपटीने परतते. ‘आधी दारू सोडा, मग बघू’ हा जुना सल्ला इथेच फसतो. दोन्हींवर एकत्र उपचार करता येतात, असे संशोधन सांगते. (दारू अचानक बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते, डॉक्टर हवेतच.)

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकेश्वरात रस्ते, घाट यांची चर्चा आहे. बंदोबस्तातले पोलीस आणि रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्या समुपदेशनाची तरतूदही आराखड्यात हवी. मदतीसाठी टेली-मानसचा मोफत क्रमांक : १४४१६.